सहाशे नावांत अख्खं गाव

लोणावळ्यात चिक्की घेतली की हातात पडणारं बिल एकदा नीट वाचा. तळाशी कराच्या दोन ओळी असतात, सीजीएसटी आणि एसजीएसटी. एक वाटा दिल्लीचा, दुसरा मुंबईचा, आणि दोन्ही पैशापैशाने सारखे. ज्या गावात तुम्ही गाडी लावली, ज्याचं पाणी प्यालात, ज्याच्या कचरापेटीत खाऊन झालेली मक्याची कणसं टाकलीत, त्या गावाच्या नावाची ओळ मात्र बिलावर कुठेच नसते.

पूर्वी असं नव्हतं. गावात येणाऱ्या मालावर जकात होती. नाक्यावर ट्रक थांबत, पावत्या फाटत, आणि तो पैसा थेट नगरपालिकेच्या तिजोरीत जाई. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये पुढे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१३ च्या एप्रिलमध्ये तो पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये लागू झाला आणि व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मोकळं केलं गेलं, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही गेली.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. दुकानाच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला, म्हणजे ज्याच्या खिशातून शेवटी हा पैसा जातो त्या गिऱ्हाईकाला, 'तुला काय वाटतं?' असं कुणी पद्धतशीर विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बंद दिसतो, मोर्चा दिसतो, घोषणा ऐकू येतात. घरात बसलेल्या हजारो माणसांचं मत कसं दिसणार?

ते दिसू शकतं! आणि कसं दिसतं ते कळलं की माणूस थक्क होतो.

आजच्या कायद्यात अशी सोय नाही, पण समजा, नगरपरिषदेने ठरवलं की गावातल्या विक्रीवर रुपयामागे एक पैसा घ्यायचा, दहा वर्षांसाठी, फक्त पाणी आणि कचऱ्यासाठी. लोणावळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५७ हजारांच्या वर होती. त्यातल्या मतदारांपैकी किती जण 'हो' म्हणतील हे मतदानाआधी जाणायचं असेल, तर किती जणांना विचारावं लागेल? निम्म्यांना? दहा हजारांना?

सहाशे पुरतात. चिठ्ठ्या टाकून काढलेली सहाशे नावं. त्यांचं उत्तर आणि अख्ख्या गावाचं उत्तर यांत वीसपैकी एकोणीस वेळा चार टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही.

आता खरी गंमत ऐका. हाच प्रश्न पूर्ण महाराष्ट्राला विचारायचा आहे. २०२४ च्या विधानसभेला राज्यात साडेनऊ कोटींहून अधिक मतदार होते. तेवढ्याच अचूकतेसाठी किती नावं लागतील? सहाशेच! गाव हजारो पटींनी मोठं झालं, तरी नावं जवळपास तेवढीच.

हे मनाला पटत नाही ना? पण आपल्या आज्यांना ते केव्हापासून ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं चौघांचं आहे की लग्नघरातलं, हे कुणी बघतं का? भात नीट ढवळलेला असला की दोनचार शितं पुरतात. चूक होते ती शितं उचलताना, नशिबाने कच्ची शितं जास्त हाती आली तर. पातेल्यात मागे किती भात उरला आहे, याचा त्या नशिबाशी संबंध नाही. गावात साठ टक्के लोक कराच्या बाजूचे असतील, तर पहिलं नाव 'हो' म्हणणाऱ्याचं निघण्याची शक्यता साठ टक्के, दुसऱ्याचीही जवळजवळ साठच, सहाशेव्याचीही. मागे चाळीस हजार उरले काय आणि नऊ कोटी उरले काय.

अचूकता वाढवायची तर मात्र जबर किंमत मोजावी लागते. चार टक्क्यांची चूक दोनवर आणायला दुप्पट नाही, चौपट माणसं लागतात, म्हणजे २४००. एकवर आणायला ९६००. म्हणून बहुतेक सर्वेक्षणं हजारच्या आसपास थांबतात.

पण सगळी मेख 'नीट ढवळलेला' या दोन शब्दांत आहे. माणसांचं गाव ढवळायचं कसं?

याचं सुंदर उत्तर लोणावळ्याभोवतीच्या मावळातल्या भातखाचरांत दरवर्षी दिलं जातं. हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात हा तांदूळ १९८७ मध्ये तयार झाला. तालुक्यात भात किती पिकलं हे ठरवायला सगळी खाचरं कुणी कापून मोजत नाही. पीक कापणी प्रयोग करतात. गावं आणि शेतं चिठ्ठ्यांच्या न्यायाने निवडली जातात. मग कर्मचारी शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभा राहतो. त्याच्या हातातल्या तक्त्यातून आलेले दोन आकडे सांगतात की इतकी पावलं लांबीकडून, इतकी रुंदीकडून. जिथे पोचेल तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. भातासाठी सहसा दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा. तो चिखलात आला, पीक लोळलेलं निघालं, तरी कापायचा तोच. शेजारचा डौलदार तुकडा खुणावत असला तरी दोरी हलवायची नाही. दोरीवर आलेल्या रोपाचं बूड निम्म्याहून जास्त आत असेल तरच ते मोजायचं.

एवढी सक्ती कशासाठी? यामागे आपल्या मातीतला एक माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला डॉक्टरेट केली आणि पुढे नमुना-पाहणीच्या शास्त्रातलं जगभर घेतलं जाणारं नाव झाले. १९४० च्या दशकात कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवरून पिकाचा अंदाज काढत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? कारण कापणारा माणूस कडेवरचं रोप सोडत नाही! त्याच्या मनात काही खोट नसते, हात आपोआप पुढे जातो. लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कड फार, म्हणून तिथे ही चूक फुगते. तुकडा मोठा घेतला की ती विरून जाते. आणि खरा धडा पुढेच आहे. असे लहान तुकडे लाखभर कापले, तरी चूक तसूभर कमी होत नाही. लाख वेळा तीच चूक होते.

मतांचंही तसंच. कराबद्दल विचारायला एखादा तरुण वही घेऊन लोणावळ्याच्या बाजारपेठेत उभा राहिला, तर त्याला कोण भेटेल? दुकानदार, रिक्षावाले आणि मुंबईहून आलेले पर्यटक, ज्यांचं नाव इथल्या यादीत नाहीच. नांगरगावात घरकाम उरकून दुपारी झोपलेली बाई, वलवणमधले पेन्शनर आजोबा, पहाटेच्या लोकलने पुण्याला गेलेला कामगार त्याच्या वहीत येतच नाहीत. बाजारात दहा हजारांना विचारा, उत्तर बाजाराचंच मिळेल.

म्हणून मतदार यादी घ्यायची. यादीत चाळीस हजार नावं आहेत आणि सहाशे हवी आहेत असं धरा. चाळीस हजारांना सहाशेने भागलं की साधारण सदुसष्ट येतात. एक ते सदुसष्टमधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर सदुसष्टावं नाव घ्यायचं. खंडाळा, तुंगार्ली, भांगरवाडी, सगळे आपसूक आपापल्या प्रमाणात येतात. मग त्याच माणसाला गाठायचं. सकाळी नसेल तर संध्याकाळी, नाहीतर रविवारी. इथे दोरी हलवायची नाही.

आणि प्रश्न? तो विचारण्यातही केवढं सामर्थ्य असतं! 'कर वाढवावा का?' म्हटलं की मान आपोआप नकारार्थी हलते. 'पर्यटकांच्या खरेदीतून गावच्या पाण्यासाठी पैसा उभा करावा का?' म्हटलं की तोच माणूस विचारात पडतो. कर तोच, पैसा तोच. म्हणून जाणते लोक निम्म्या नावांना एक शब्दरचना विचारतात, निम्म्यांना दुसरी. दोन उत्तरांतल्या फरकावरून कळतं की लोकांचं मत किती पक्कं आहे.

शेवटचा चमत्कार उंबरठ्याचा. आपल्याकडे मतदार कर मंजूर करत नाहीत, पण दारूच्या दुकानावर थेट मतदान होतं, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद). त्यात आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई घरी राहिली, तिचं न दिलेलं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. इथे 'तुमचं मत काय?' एवढं विचारून अंदाज येणार नाही. 'त्या दिवशी याल का?' हेही विचारावं लागेल.

अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्यात असाच उंबरठा करासाठी होता. तिथे २००८ मध्ये रेल्वे आणि रस्त्यांसाठी डॉलरमागे अर्धा सेंट विक्रीकर तीस वर्षांसाठी मंजूर झाला. २०१२ मध्ये तो आणखी तीस वर्षं चालू ठेवायचा का, असं मतदारांना विचारलं. अशा कराला तिथे दोन तृतीयांश, म्हणजे ६६.६७ टक्के मतं लागायची. पडली ६६.१ टक्के. तीनपैकी जवळपास दोघे हो म्हणाले आणि कर पडला! हजार जणांच्या चोख सर्वेक्षणालाही हा फरक आधी दिसला नसता, कारण त्याची स्वतःची चूकच तीन टक्क्यांची. तो अर्धा टक्का टिपायला पंचवीस हजारांहून जास्त माणसांना गाठावं लागलं असतं. सहाशे नावं गावाचा कल सांगतात, काठावरचा निकाल नाही. हा त्या पद्धतीचा दोष नव्हे, तिची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा किती हे आधीच आकड्यात सांगता येतं हीच मला तिची सगळ्यात मोठी थोरवी वाटते. बंद आणि मोर्चे आपण किती चुकतोय हे कधी सांगत नाहीत.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी यादी घेऊन कुणी तुमच्या दारात आलं आणि तुमचं नाव घेऊन विचारू लागलं, तर 'मला काही कळत नाही, शेजारच्या सरांना विचारा' असं म्हणू नका. सरांना पुष्कळ कळत असेल, पण चिठ्ठीत नाव तुमचं निघालंय. दहा मिनिटं द्या आणि जे वाटतं ते सांगा, 'अजून ठरलं नाही' असं वाटत असेल तर तेही.