पानवलचा पूल बाकावर मांडू या!

तुमच्या वर्गातल्या बाकाशेजारी जरा उभे राहा. जमिनीपासून फळीपर्यंतची उंची मोजा. साधारण ७४-७५ सेंटीमीटर भरेल. आता त्या फळीवर रेल्वेचे रूळ टाकलेत असं समजा. झाला तुमचा पानवलचा पूल तयार!

चेष्टा नाही, सरळ हिशेब आहे. रत्नागिरी सोडून गाडी निवसरकडे निघाली की पानवल नदीवरचा पूल लागतो. उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. रेल्वेची मॉडेल्स करणारे लोक जगभर एक प्रमाण सगळ्यात जास्त वापरतात. त्याचं नाव ‘एचओ’, म्हणजे खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. ६४ मीटरला ८७ नं भागा. उत्तर येतं ७४ सेंटीमीटर. लांबी होते जेमतेम पाच मीटर, म्हणजे एका खोलीत मावेल इतकी. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र या प्रमाणातही ७५ मीटर होतो. त्याच्यासाठी कॉलेजचा अख्खा कॉरिडॉर लागेल, तोही कदाचित पुरणार नाही!

हा हिशेब ऐकून ‘अरे, करून बघायला पाहिजे’ असं मनात आलं असेल, तर पुढे वाचा. कारण जगभरातले मॉडेल रेल्वेवाले सध्या तुम्हालाच शोधताहेत.

काकांचा छंद?

मॉडेल रेल्वे म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? चष्मा लावलेले, रिटायर झालेले एखादे काका. हे चित्र अगदीच खोटं नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला वॉर्ली क्लबचं मॉडेल रेल्वेचं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन दरवर्षी भरायचं. २०२३चं शेवटचं ठरलं. हॉलमधली गर्दी आटली म्हणून नव्हे, तर जबाबदारीची कामं अंगावर घ्यायला पुढची माणसं मिळेनात म्हणून. बघणारे खूप, करणारे कमी. कॉलेजच्या गॅदरिंगची कमिटी सांभाळलेल्या कोणालाही हे दुखणं समजावून सांगायला नको.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण पुण्याचं. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी छंद म्हणून जमवलेल्या, बनवलेल्या छोट्या गाड्यांचं एक अख्खं शहर आहे, ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, उड्डाणपूल आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, ड्राइव्ह-इन थिएटरही आहे. हे संग्रहालय खुलं झालं १ एप्रिल १९९८ला. साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी, २६ जानेवारीला, रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. एक रेल्वे ७४१ किलोमीटरची, दुसरी एका हॉलमध्ये मावणारी. दोन्हीमागे वर्षानुवर्षांचा ध्यास.

भाऊसाहेबांच्या छंदाचं संग्रहालय झालं, म्हणून तो टिकला. बाकीच्यांचं काय होतं? एखाद्या माणसानं वीस वर्षं खपून माळ्यावर मांडलेली रेल्वे त्याच्यामागे कोणाला चालवताच येत नाही. कुठली वायर कुठे जाते हे त्या एकट्यालाच ठाऊक. मग डबे विकले जातात आणि डोंगर रद्दीत जातात. या छंदाला तरुण माणसं हवीत ती गिऱ्हाईक म्हणून तर हवीतच, पण त्याहून जास्त वारस म्हणून हवीत.

कॉमिक कॉनमध्ये रेल्वे कशी शिरली?

तरुण माणसं सापडणार कुठे? जिथे ती आधीच जमतात तिथे. दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन सुरू झालं, मग मुंबईतही भरू लागलं. आवडत्या पात्राचा पोशाख करून, रात्रीची गाडी पकडून तिथे गेलेले रत्नागिरीकर तुमच्याही ओळखीत असतील. तिथे कोणी कोणाला ‘हे काय लहान मुलांसारखं?’ असं विचारत नाही. रेल्वेवेड्यांना याहून चांगली जागा कुठली?

कंपन्यांनी हे ओळखलंय. इंग्लंडची हॉर्नबी ही शंभर वर्षं जुनी रेल्वे मॉडेलवाली कंपनी. तिनं हॅरी पॉटरची ‘हॉगवर्ट्स एक्स्प्रेस’ विकायला काढली. इंजिनाचा वर्ग, बॉयलर, चाकांची रचना यातलं काहीही माहीत नसलेली पोरगी ते लाल इंजिन बघून थांबते, कारण गोष्ट तिला पाठ असते. जपानच्या टॉमीटेकनं २००५ पासून ‘तेत्सुदो मुसुमे’ नावाची मालिका काढली. रेल्वेच्या गणवेशातल्या कर्मचारी मुलींची ही काल्पनिक पात्रं. अ‍ॅनिमेवाले ती पात्रं बघायला आले आणि खऱ्याखुऱ्या रेल्वे कंपन्यांनीही ती आपल्या जाहिरातीत घेतली. जर्मनीच्या मेर्क्लिननं २००९ मध्ये दिवाळखोरीचा फटका खाल्ल्यावर लहान मुलांनी बिनधास्त हाताळावं असं ‘माय वर्ल्ड’ काढलं. २०२२ मध्ये हॉर्नबीनं १२० पट लहान असं नवं प्रमाण बाजारात आणलं, कारण आजच्या घरात मोठ्या रेल्वेला जागाच नाही.

थोडक्यात, तीन युक्त्या. ओळखीची गोष्ट सांगा. हात लावू द्या. जागा कमी लागू द्या.

यातली मधली युक्ती सगळ्यात स्वस्त आहे आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. मागे एका प्रदर्शनात मी बघत होते. काचेमागे सुंदर गाडी, काचेवर ‘हात लावू नये’ची पाटी. एक मुलगा काचेला नाक चिकटवून उभा होता. दोन मिनिटांनी त्यानं मोबाइल काढला आणि त्यावर ट्रेन सिम्युलेटर चालवायला लागला. आता सांगा, त्या मुलाला रेल्वे आवडत नव्हती का? खूप आवडत होती. फक्त मोबाइलमधल्या गाडीचा ब्रेक त्याच्या हातात होता, समोरच्या गाडीचा नव्हता. पोरं स्क्रीनमध्ये अडकली म्हणून छंद मरतोय, हे रडगाणं म्हणूनच मला पटत नाही.

मजा टेबलाखाली असते

इंजिनीअरिंगवाल्यांनो, आता तुमच्यासाठी. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा एक क्लब सुरू झाला, टेक मॉडेल रेलरोड क्लब. काही सभासद टेबलावर डोंगर आणि घरं करायचे. काही मात्र कायम टेबलाखाली असायचे. रिले, स्विच आणि वायरींचं जंजाळ जोडून गाड्या आपोआप कशा वळवता येतील, यात ते रमायचे. एखादी हुशार करामत जमली की त्याला ते ‘हॅक’ म्हणायचे. हो, आज आपण वापरतो तो ‘हॅकर’ शब्द कॉम्प्युटरच्या जगात आला तो याच मंडळींकडून. १९६२मध्ये ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीच्या कॉम्प्युटर गेमपैकी एक तयार झाला. तो लिहिणारा स्टीव्ह रसेल याच क्लबातला.

म्हणजे छोट्या रेल्वेच्या टेबलाखालून कॉम्प्युटरचं एक जग बाहेर पडलं. आज तुमच्याकडे त्यांच्या स्वप्नातही नसलेली साधनं आहेत. प्रोजेक्टसाठी घेतलेला आर्डुइनो बोर्ड कपाटात पडलाय ना? त्याच्यावर चालणारी ‘डीसीसी-ईएक्स’ नावाची फुकट, खुली प्रणाली आहे. तिनं एकाच रुळावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, तेही फोनवरून.

आणि आपण रत्नागिरीकर?

आपल्याकडे मॉडेल रेल्वेचं दुकान नसेल. पण मॉडेल करणारे हात? दिवाळीत माती कालवून किल्ला कोण करतं? गणपतीत थर्माकोल गेला तर पुठ्ठा, कागद, बांबू घेऊन रात्र रात्र जागून देखावा कोण उभा करतं? कुंभार्ली घाट, धबधबा, फिरणारं चक्र, मिणमिणते दिवे हे सगळं वाडीतल्या पोरांना येतं. परदेशात ज्याला ‘लेआउट’ म्हणतात, तो आपला देखावाच की! फक्त त्यावरून गाडी जायची राहिली आहे.

शिवाय गोष्ट आपल्याकडे तयार आहे. हॉगवर्ट्सचं इंजिन आणायची गरजच नाही. पावसात डोंगरातून निघालेली मांडवी एक्स्प्रेस, सपाट वाघिणींवर चढून निघालेले ट्रक, गणपतीच्या जादा गाड्या, प्लॅटफॉर्मवर उतरणारे चाकरमानी, त्यांच्या हातातल्या पिशव्या. हे टेबलावर दिसलं तर रत्नागिरीतला कुठला माणूस थांबणार नाही?

एकट्यानं अख्खा मार्ग करायचा नाही, हेही पक्कं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या छंदवाल्यांनी सोपा तोडगा काढला. प्रत्येकानं घरी एकच तुकडा करायचा. मध्ये काय हवं ते मांडा, पण दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच आणि ठरलेल्या उंचीवर. प्रदर्शनाच्या दिवशी तुकडे जोडले की एक लांबलचक रेल्वे तयार. आता आपला मार्ग डोळ्यांसमोर आणा. संगमेश्वर रोड, उक्षी, भोके, रत्नागिरी, निवसर, आडवली. एक स्टेशन गोगटे-जोगळेकरच्या पोरांचं, एक पॉलिटेक्निकचं, एक फिनोलेक्सचं. अशी ही गाडी गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा धावेल, आणि जमली तर मुंबईच्या कॉमिक कॉनमध्येही.

स्टॉल लावायचाय? मग एवढं करा

• कंट्रोलर बघणाऱ्याच्या हातात द्या. गाडी पडली तर पडली. एक मजबूत, स्वस्त इंजिन त्यासाठीच ठेवा.

• पहिल्याच वाक्यात प्रमाण, गेज, व्होल्टेज सांगू नका. ‘तुमचं स्टेशन कुठलं?’ असं विचारा. गप्पा आपोआप सुरू होतील.

• बाजूला पुठ्ठा, कात्री आणि फेव्हिकॉल ठेवा. दहा मिनिटांत जमेल असं एखादं कौलारू घर किंवा माड करायला लावा आणि तो लेआउटवर ठेवून द्या. ज्याचं घर तिथे आहे, तो मित्रांना घेऊन परत येतोच.

• टेबलाची एक बाजू उघडी ठेवा. खालच्या वायरी दिसू देत. निम्मे लोक त्याच बघतील.

• महागडी परदेशी गाडी पुढे मांडून बसू नका. तिची किंमत ऐकून माणूस पुढच्या स्टॉलला जातो. पुठ्ठ्याचा डबा दाखवला तर तो विचारतो, ‘हा कसा केलात?’

• घरी जाणाऱ्याच्या हातात पुढच्या भेटीचा दिवस आणि जागा लिहिलेला कागद द्या. स्टॉल एक दिवसाचा असतो, क्लब दर शनिवारचा.

पण हे कशासाठी?

करिअरसाठी म्हणाल, तर वायरिंग, कोडिंग, रंगकाम, हिशेब, माणसं सांभाळणं हे सगळं यात शिकायला मिळतं. पण मला खरं कारण वेगळं वाटतं.

२०२२ साली कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि आपल्या डोंगरांत घुमणारा डिझेल इंजिनांचा आवाज मागे पडला. तुम्ही शाळेत होतात तेव्हा तो रोजचा होता. त्याचं देखणं मॉडेल कुठलीही परदेशी कंपनी आपल्यासाठी करून देणार नाही. तसंच रूळ पडण्याआधी तिथे काय होतं, कोणाचं शेत, कोणाची कलमं, कुठला पऱ्या, हे सांगणारी माणसं अजून तुमच्या घरात आहेत. आजी-आजोबांना विचारा. पहिली गाडी आली तेव्हा ते बघायला गेले होते का? रुळाखाली कोणाची जमीन गेली? ते जे सांगतील ते टेबलावर मांडा. तो आंबा तिथेच लावा, ती विहीर तिथेच खणा.

शिक्षण संपलं की आपल्यातले बरेच जण याच रुळांवरून मुंबई-पुण्याला जाणार आहेत. जाण्याआधी आपल्या स्टेशनचा एक तुकडा करून ठेवा, आणि कुठली वायर कुठे जाते हे धाकट्या भावंडाला नीट दाखवून ठेवा. गणपतीला याल तेव्हा गाडी चालू असेल.