आडनावाची वाडी

मराठी आडनावातला ‘कर’ माणूस राहतो कुठे हे सांगत नाही; त्याचे घराणे निघाले कुठून, हे सांगतो. कऱ्हाडात कऱ्हाडकर म्हणून कोणाला वेगळे काढणार? तिथे सगळेच कऱ्हाडचे. गाव सोडले, की ते नाव चिकटते. आडनावांचा माग काढताना मला हेच सूत्र काचेसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतल्या मुरानो बेटावर भेटले.

आगीच्या भयाने व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. कसबाची गुपिते फुटू नयेत म्हणून पुढे कारागिरांच्या परदेशी जाण्यावरही बंधने आली. ‘मुरानो’ हे आज आडनावही आहे. पण बेटावरच्या जुन्या काचघराण्यांची नावे बारोव्हिएर, तोसो, सेगुसो अशी. पंधराव्या शतकातला चित्रकार अंतोनियो व्हिव्हारिनी काचकारागिराच्या घरातला. तो ‘अंतोनियो दा मुरानो’ म्हणूनही ओळखला गेला. हा ‘दा’ म्हणजे आपला ‘कर’च.

सातारा-सांगलीकडे मात्र हा प्रवाह उलटा वाहिला. सिंधुदुर्गातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर झाले; आणि १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना उभारला, तेव्हा आडनावातून पुन्हा गाव जन्मले : किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यात. १९१६ च्या सुमारास कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनालगत ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि ओगलेवाडी वसली. ‘प्रभाकर’ कंदील इथला. प्रभाकर हे सूर्याचे नाव, तसेच ओगले बंधूंच्या वडिलांचेही.

हे उलटे का घडले? मुरानोला नाव आधीच होते, भट्ट्या मागाहून आल्या. इकडे मोकळ्या जागेत आधी कारखाना आला, मग कामगारांची वस्ती. पत्त्यावर घालायला नाव हवे होते. ते मालकाच्या पाटीवरून मिळाले.

मुरानोत आजही काच फुंकली जाते. ओगलेवाडीची भट्टी विझली; नाव तेवढे उरले. पण त्या नावात फक्त मालक आहेत. फुंकनळीला तोंड लावून कंदिलाच्या काचा घडवणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. आडनावे आता कागदोपत्री पक्की झाली आहेत, त्यामुळे त्यांची मुले गाव सोडून गेली तरी ‘ओगलेवाडीकर’ व्हायची नाहीत. मुरानो सोडणाऱ्याबरोबर निदान गावाचे नाव गेले. इथल्या कारागिरांसाठी भाषेने तीही सोय ठेवली नाही. त्यांची नावे आपल्यालाच लिहून ठेवावी लागतील.