व्हायकिंग लोक खरंच जादूटोणा करायचे का? सिरीजमध्ये दिसतं त्यातलं खरं किती?

अंधारी झोपडी, काळे ओठ आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. लोक त्याच्याकडे भविष्य विचारायला येतात आणि जाताना त्याचा तळहात चाटतात. 'व्हायकिंग्स' ही सिरीज (2013 ते 2020) पाहिलेल्यांना हा भविष्यवेत्ता चांगलाच आठवत असेल.

पण जुन्या कथांमध्ये भविष्य सांगायला येणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. तिला मोठ्या मानानं घरी बोलावलं जातं आणि तिच्या जेवणाचीही वेगळी व्यवस्था होते.

मग व्हायकिंगांची जादू नेमकी कशी होती? आणि कथा-सिनेमांत ती कशी बदलत गेली?

'सेइद' म्हणजे काय?

साधारण 8व्या ते 11व्या शतकातला काळ व्हायकिंग युग मानला जातो. आजच्या नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंडमध्ये तेव्हा जादूचे अनेक प्रकार मानले जात. त्यातला सर्वांत प्रभावी प्रकार म्हणजे 'सेइद'. भविष्य जाणून घेणं, कुणाचं भलं करणं किंवा कुणाचं वाटोळं करणं, या सगळ्यासाठी सेइद वापरता येतो, अशी समजूत होती.

भविष्य सांगणाऱ्या बाईला 'व्होल्वा' म्हणत. या शब्दाचा अर्थच 'काठीवाली' असा आहे.

'एरिक द रेड'च्या सागामध्ये अशा एका काठीवालीचं सविस्तर वर्णन आहे. ग्रीनलंडमध्ये दुष्काळ पडलेला असतो. हे दिवस कधी संपणार, हे विचारायला एक बडा शेतकरी थॉरब्यॉर्ग नावाच्या व्होल्वाला बोलावतो. ती खडे जडवलेला निळा झगा आणि मांजराच्या कातड्याचे हातमोजे घालून येते. तिला शेळीच्या दुधातली लापशी आणि जनावरांची काळजं वाढली जातात.

विधीसाठी एक खास गाणं लागतं. ते फक्त गुडरिड नावाच्या तरुणीला येत असतं आणि ती ख्रिश्चन असते. ती आधी नकार देते. पण भोवती माणसं उपाशी आहेत, म्हणून शेवटी गाते. गाणं ऐकून आत्मे जमतात आणि वसंत ऋतूत दिवस पालटतील, असं व्होल्वा सांगते.

हे लिहिलं कुणी?

अडचण इथेच आहे. आइसलंडनं इसवी सन 1000च्या सुमारास ख्रिश्चन धर्म स्वीकारला. सागा लिहिल्या गेल्या प्रामुख्यानं 13व्या शतकात, तेही ख्रिश्चन लेखकांकडून. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांनंतर, दुसऱ्या धर्माच्या चष्म्यातून. म्हणून अभ्यासक सागांमधलं वर्णन जसंच्या तसं खरं मानत नाहीत. ते जमिनीखालचे पुरावेही तपासतात.

डेन्मार्कमधल्या फिरकाट इथे 10व्या शतकातल्या एका स्त्रीच्या कबरीत धातूची काठी आणि खुरासानी ओव्याच्या बिया सापडल्या. ही वनस्पती विषारी असून तिच्यामुळे भास होतात. नॉर्वेत 1904मध्ये उकरलेल्या ओसबर्ग जहाजात दोन स्त्रियांचे सांगाडे होते, सोबत एक लाकडी काठी आणि गांजाच्या बियाही होत्या.

या सगळ्या व्होल्वाच होत्या का? खात्रीनं सांगता येत नाही. अशा लोखंडी काठ्यांपैकी काही म्हणजे मांस भाजायच्या सळया असाव्यात, असंही काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

पुरुषांसाठी मात्र लाजिरवाणं

सेइद करणारा पुरुष 'बायकी' समजला जाई आणि त्या समाजात ही फार मोठी शिवी होती. गंमत म्हणजे देवांचा प्रमुख ओडिन स्वतः सेइद जाणणारा होता. ही विद्या त्यांच्याकडे आणली फ्रेया या देवीनं. एका जुन्या काव्यात लोकी यावरूनच ओडिनला सर्वांसमोर टोमणा मारतो.

माणसांची गत याहून वाईट. नॉर्वेचा राजा हाराल्ड फेअरहेअरचा एक मुलगा सेइद करायचा. त्याच्या भावानं त्याला 80 साथीदारांसह घरात कोंडून जाळलं आणि या कृत्याचं खूप कौतुक झालं, असं सागाकार स्नोरी स्टुर्लुसन सांगतो. सिरीजमधला पुरुष भविष्यवेत्ता दाखवताना हा सगळा संघर्षच गायब होतो.

टॅटूमधलं 'व्हायकिंग' चिन्ह

इन्स्टाग्रामवर 'व्हायकिंग होकायंत्र' म्हणून फिरणारं 'वेगविसिर' हे चिन्ह 1860च्या एका आइसलंडी हस्तलिखितातलं आहे. व्हायकिंग युग संपून तेव्हा जवळपास आठशे वर्षं झाली होती. रून लिहिलेले दगड टाकून भविष्य पाहायची आजची पद्धतही 20व्या शतकात लोकप्रिय झाली.

रून ही मुळात लिपी. तिचा जादूसाठी वापर होतच नव्हता, असं नाही. 'एगिल'च्या सागामध्ये एका आजारी मुलीच्या अंथरुणात रून कोरलेलं हाड सापडतं. ज्यानं ते कोरलं त्याला रून नीट येत नसतात आणि त्यामुळे ती आणखी आजारी पडते. ज्याला वाचता येत नाही त्यानं रून कोरू नयेत, हा एगिलचा सल्ला आजही लागू आहे. कारण नाझींच्या एसएस दलानं रूनवरूनच आपलं चिन्ह बनवलं आणि अतिउजवे गट आजही अशी चिन्हं मिरवतात.

मग लेखकांनी जादू दाखवायची कशी?

2022चा 'द नॉर्थमन' हा सिनेमा याचं चांगलं उदाहरण आहे. दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स यांनी आइसलंडचे कवी श्योन यांच्यासोबत पटकथा लिहिली आणि पुरातत्त्वज्ञ नील प्राइस यांचा सल्ला घेतला. त्यात नायक तलवारीसाठी एका थडग्यातल्या भुताशी झुंजतो. पुढच्याच क्षणी ते प्रेत जागच्या जागी बसलेलं दिसतं, पण तलवार नायकाच्या हातात असते. लढाई खरी होती की भास, हे सिनेमा सांगत नाही. नायकासाठी मात्र ती खरीच असते.

ऐतिहासिक कथेत हेच महत्त्वाचं ठरतं. त्या काळातल्या लोकांकडे 'धर्म' यासाठी वेगळा शब्द नव्हता, ते 'रीत' म्हणायचे. शेती, आजारपण, समुद्रप्रवास आणि जादू त्यांच्यासाठी एकाच जगण्याचा भाग होते. त्यामुळे जादू खरी होती का, यापेक्षा त्या विश्वासापायी माणसं काय करायला तयार झाली, हा प्रश्न लेखकाला जास्त उपयोगी पडतो. दुष्काळात आपली श्रद्धा बाजूला ठेवून गाणारी गुडरिड लिहायला कोणत्याही स्पेशल इफेक्टची गरज लागत नाही.