रविवारचा मेगाब्लॉक आणि रोलिंग लिनक्स

कुर्ल्यात राहणाऱ्याला मेगाब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. रविवारी हार्बर मार्गावर कुर्ला ते वाशी गाड्या थांबतात, रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांची कामं होतात आणि संध्याकाळी लोकल पुन्हा धावते. रेल्वे बदलून नवी आणावी लागत नाही. तिचे भाग थोडे थोडे बदलत राहतात. ‘रोलिंग रिलीज’ लिनक्सही अशीच चालते. दर दोन-चार वर्षांनी मोठी नवी आवृत्ती टाकायची नसते. एकदा इन्स्टॉल केलेली प्रणालीच सतत अद्ययावत होत राहते. २००२ साली सुरू झालेली आर्च लिनक्स आणि ओपनसुसेची टम्बलवीड ही तिची ठळक उदाहरणं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट लॅपटॉप घरोघरी आहेत. इथे कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकताना तेच तेच गैरसमज माझ्या कानावर येतात. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : रोलिंग म्हणजे अर्धवट, न तपासलेलं सॉफ्टवेअर.

वस्तुस्थिती : रोलिंगमध्ये येणारं बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्यांनी ‘तयार’ म्हणून जाहीर केलेलंच असतं. आर्चमध्ये महत्त्वाची पॅकेजेस आधी चाचणीच्या वेगळ्या भांडारात जातात. टम्बलवीडमध्ये ‘ओपनक्यूए’ ही यंत्रणा प्रणाली आपोआप इन्स्टॉल करून, पडद्यावर काय दिसतं ते तपासते. त्यात पास झालेला संचच लोकांपर्यंत पोचतो. डेबियनच्या ‘स्टेबल’ या शब्दाचा मुख्य अर्थ आहे ‘न बदलणारं’. तिथे आवृत्त्या गोठवलेल्या असतात आणि प्रामुख्याने सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात.

गैरसमज २ : रोज अपडेट केलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : आठवड्यातून एक ठरलेला दिवस पुरतो. मी रविवार धरला आहे. मेगाब्लॉकच्या दिवशी घराबाहेर पडण्याआधी आपण वेळापत्रक बघतो, तसं अपडेटआधी प्रकल्पाच्या बातम्यांचं पान वाचायचं. एखाद्या अपडेटच्या वेळी हाताने काही करावं लागणार असेल, तर ते तिथे लिहिलेलं असतं. उद्या परीक्षा किंवा सादरीकरण असेल, तर आज अपडेट नको. पण सहा-सहा महिने टाळणंही महागात पडतं. तोवर पॅकेजवरच्या डिजिटल सह्या तपासणाऱ्या चाव्या जुन्या होतात आणि पॅकेजेस नाकारली जाऊ शकतात.

गैरसमज ३ : हवं तेवढंच पॅकेज नवं केलं की झालं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. प्रोग्राम एकटा चालत नसतो. तो सामायिक लायब्रऱ्यांवर उभा असतो. भांडारातली सगळी पॅकेजेस एकमेकांशी जुळवून बांधलेली असतात. अर्धी नवी, अर्धी जुनी ठेवली की ही जुळणी मोडते.

ऐन गणपतीत मंडळाच्या अहवालाचं मुखपृष्ठ करायला मी घाईने इंकस्केप हे चित्रं करायचं सॉफ्टवेअर टाकलं. पॅकेजांची यादी ताजी केली, पण बाकीची प्रणाली जुनीच ठेवली. इंकस्केप उघडेना. टर्मिनलमधून चालवल्यावर कारण दिसलं : ‘पॉपलर’ या पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररीची फाईल सापडत नाही. नव्या इंकस्केपला नवं पॉपलर हवं होतं आणि माझ्याकडे मागचं होतं. संपूर्ण अपडेट केल्यावर ते पहिल्या क्लिकला उघडलं.

म्हणून आर्चच्या ‘पॅकमॅन’ या पॅकेज व्यवस्थापकाला मोठा एस, लहान वाय आणि लहान यू ही तिन्ही अक्षरं एकत्र द्यायची. वाय यादी ताजी करतो, यू सगळी जुनी पॅकेजेस नवी करतो. यू गाळून नवं काही टाकलं, की माझ्यासारखी वेळ येते.

गैरसमज ४ : ‘एयूआर’मधलं सगळं अधिकृतच असतं.

वस्तुस्थिती : एयूआर म्हणजे वापरकर्त्यांनी लिहिलेल्या पॅकेज-कृतींचा साठा. तिथे खातं उघडून कोणीही कृती टाकू शकतो. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रवुल्फ आणि झेन या ब्राउझरांच्या नावांशी जुळणारी तीन पॅकेजेस तिथे आली. त्यांत दुरून संगणकाचा ताबा घेणारा प्रोग्राम दडलेला होता. दोन दिवसांत ती काढली गेली, पण तेवढ्यात ज्यांनी ती टाकली त्यांना धोका निर्माण झालाच. अशी प्रत्येक कृती ‘पीकेजीबिल्ड’ नावाच्या साध्या मजकूर फाईलमध्ये असते. सॉफ्टवेअर कोणत्या पत्त्यावरून उतरतं, एवढी ओळ तरी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गैरसमज ५ : ताजं म्हणजे आपोआप सुरक्षित.

वस्तुस्थिती : दुरुस्त्या लवकर मिळतात हे खरं, पण कधी कधी विषही लवकर पोचतं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी ‘एक्सझेड’ या फाईल आकुंचित करणाऱ्या साधनात मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघड केला. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना त्यांना तो सापडला. चोरदरवाजा असलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या रोलिंग वितरणांत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये नव्हत्या.

गैरसमज ६ : बिघडलं की फॉरमॅट.

वस्तुस्थिती : पॅकमॅन उतरवलेली जुनी पॅकेजेस जपून ठेवतो, त्यांतून मागची आवृत्ती परत बसवता येते. डिस्क भरली म्हणून हा साठा पूर्ण पुसू नका. ‘पॅककॅश’ हे साधन मुळातच प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या तीन आवृत्त्या राखतं. जोडीला दीर्घ मुदतीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ठेवा. नवा रुसला तर जुना चालू होतो. टम्बलवीडमध्ये तर संगणक सुरू होतानाच आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची जपून ठेवलेली स्थिती, निवडता येतो.

गैरसमज ७ : मराठीत काम होत नाही.

वस्तुस्थिती : आर्च ताजी टाकल्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, कारण फॉन्ट टाकलेले नसतात. ‘नोटो’ टाकला की देवनागरी दिसते. मराठी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आधीपासून आत असतो. लिनक्स शिकायलाही मराठीची सोय आहे : पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी धडे मोफत आहेत.

मग रोलिंग कोणी घ्यावं? आठवड्याला अर्धा तास देणाऱ्याने, वाचून मग बटण दाबणाऱ्याने. दुकानाच्या हिशेबाला किंवा आजोबांच्या व्हिडिओ कॉलला डेबियन स्टेबल बरं, आणि त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र रोलिंग आणि स्टेबल दोन्हींना सारखी लागू आहे : दुसरीकडे ठेवलेली प्रत. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. तो चुकलेल्या अपडेटपासून वाचवतो, पाण्यापासून नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचं पाणी कुर्ल्यात घरांत शिरलं. म्हणून माझ्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत बहिणीकडे, दुसऱ्या गावी असते. रविवारचं अपडेट सुरू करण्याआधी मी ती शेवटची कधी ताजी केली, ते आधी बघतो.