थारांटची ऐंशी ओकझाडे

वाचकहो, शाळेतला किंवा विद्यापीठातला समारंभ म्हटला की डोळ्यांसमोर काय उभे राहते? मांडव, हारतुरे, पाहुण्यांची लांबलचक भाषणे आणि शेवटी चहापान. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो आणि समारंभ संपतो. परंतु जर्मनीतल्या एका गावी 1843 साली झालेला एक समारंभ अजून जमिनीत मुळे धरून उभा आहे.

ड्रेस्डेन शहराजवळ, टेकड्यांच्या कुशीत थारांट नावाचे लहानसे गाव आहे. वनविद्येचे नामवंत गुरू हाइनरिख कोट्टा 1811 साली आपली खाजगी शाळा घेऊन तेथे आले. त्याच वर्षी शाळेसाठी झाडांची बाग सुरू झाली. 1816 साली ती शाळा साक्सनी राज्याची वन अकादमी बनली. गुरुजींना ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ 80 ओकची झाडे लावण्यात आली. पुढच्याच वर्षी, 1844 साली, कोट्टा वारले आणि त्या झाडांच्या मध्येच त्यांना चिरविश्रांती मिळाली. ओकची वाढ फार सावकाश होते. आपण लावलेल्या झाडाची गर्द सावली आपल्याला मिळणार नाही, हे लावणाऱ्यांना ठाऊक होते.

ही विद्या नेमकी तेथेच का रुजली? साक्सनीत फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणी होत्या. खाणींना टेकू द्यायला लाकूड लागे, भट्ट्यांनाही लाकूड लागे, आणि जंगल संपत चालले होते. तेव्हा खाणखात्याचे अधिकारी कार्लोविट्झ यांनी 1713 साली ग्रंथ लिहून बजावले की जंगलातून जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे. मुद्दल राखून व्याजावर संसार करावा, असे आपल्या घरची वडीलधारी मंडळी सांगत, तसलाच हा हिशेब!

थारांटची अकादमी 1929 साली ड्रेस्डेनच्या उच्च तांत्रिक शिक्षणसंस्थेत सामील झाली आणि आज ती तेथल्या तांत्रिक विद्यापीठाचा भाग आहे. उष्ण प्रदेशांतल्या जंगलांचाही अभ्यास तेथे शिकवला जातो. ड्रेस्डेनच्या ह्याच विद्यापीठात संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने 1977 साली पर्यावरण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले अधिकारी तेथे शिकून गेले आहेत. वनविद्या नुसत्या फळ्यावर शिकता येत नाही. विद्यार्थ्याला झाडाखाली उभे राहून खोड मोजावे लागते, माती हातात घ्यावी लागते. म्हणून जर्मनीत रानातली पायपीट हा ह्या शिक्षणाचा कणाच आहे. थारांटच्या बागेत तर गावकरी आणि बाहेरचे पाहुणेही हिंडायला येतात.

तुम्ही म्हणाल, ह्या जर्मन कथेशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. 1864 साली ब्रिटिश सरकारने भारतातल्या जंगलांचा कारभार बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाती दिला. त्यांच्यानंतर श्लिख आणि रिबेनट्रॉप आले. म्हणजे भारतीय वनखात्याचे पहिले तिन्ही प्रमुख जर्मन. डेहराडूनची वनशाळा 1878 साली ब्रँडिस यांच्याच काळात निघाली. पुढे त्याच भारतीय वनखात्यातले थॉम्पसन यांनी 1880 साली आणि ग्लेडो यांनी 1904 साली मॉरिशसच्या जंगलांवर अहवाल लिहिले. जर्मनीतली विद्या अशी भारतमार्गे आपल्या बेटावर पोचली. आपल्या पूर्वजांची वाटही तीच नव्हती का?

मात्र ह्या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जंगल राखायचे म्हणजे गावकऱ्याला बाहेर ठेवायचे, असा अर्थ सरकारी कचेऱ्यांनी काढला. 1878 च्या भारतीय वनकायद्याने सरपण, चराई, राब ह्यांवर बंधने आणली. कोकणातल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला 1885 साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. देवाच्या नावाने देवराई राखणाऱ्या, तिच्यातली काडीही न मोडणाऱ्या कोकणी माणसाला जंगल कसे सांभाळावे, हे कोणी विचारलेच नाही.

खुद्द जर्मनीतही हिशेब चुकला. लवकर वाढणारा आणि चांगला पैसा देणारा म्हणून एकट्या स्प्रूस वृक्षाच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. 2018 पासून लागोपाठ कोरडी वर्षे आली, साल पोखरणारे भुंगे वाढले, आणि 2021 च्या वसंतापर्यंत देशात सुमारे 5 लाख हेक्टरांवरची झाडे गेली. म्हणून आता तेथे निरनिराळ्या जातींचे मिश्र रान वाढवण्यावर भर आहे. वाळलेले स्प्रूस हा आजच्या विद्यार्थ्यांचा मोठा धडा आहे.

आता आपल्या बेटाकडे पाहू. चांगल्या स्थितीतले मूळचे रान येथे दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. ब्लॅक रिव्हर गोर्जेसचे राष्ट्रीय उद्यान 1994 साली झाले. ब्लॅक रिव्हरच्या आसपास आपली कितीतरी मराठी घरे आहेत. हंगामात आपण सारे आवडीने चिनी पेरू, म्हणजे गोयाव द शीन, वेचायला जातो. पण हाच बाहेरून आलेला पेरू मूळच्या झाडांची रोपे दडपून टाकतो. नुसते हिरवे दिसले म्हणजे रान जगले, असे नव्हे.

तेव्हा रेद्वीच्या विद्यापीठात किंवा उद्यानात वृक्षारोपण वा रानफेरी असेल तर मुलांना घेऊन अवश्य जा, पण नुसत्या फोटोपुरते जाऊ नका. तीन प्रश्न विचारा : हे झाड ह्या मातीतले आहे का? ह्याला पुढची पाच वर्षे कोण जपणार? आणि शेजारच्या गावाला कोणी विचारले का? घरात आजी-आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस आला तर केक जरूर कापा, आणि जाणकाराला विचारून आबनुसाचे एक रोप लावा. आबनूस ओकपेक्षाही सावकाश वाढतो. त्याची सावली ज्यांना मिळेल ती मुले अजून जन्मायची आहेत.