अधूनमधून तुटणारे नेटवर्क : घरच्या सर्व्हरमधील दोषाचा शोध

घरातल्या छोट्या लिनक्स सर्व्हरचे नेटवर्क कायमचे बंद पडले, तर दोष लवकर हाती लागतो. ते मधूनच तुटून आपोआप जुळत असेल, तर मात्र शोध लांबतो. कारण तपासायला बसावे त्या वेळी सारे सुरळीत असते. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा मोह टाळावा. कर्नलच्या संदेशांचा साठा मेमरीत असतो आणि रीस्टार्टबरोबर तो पुसला जातो. आधी लॉगची प्रत काढून ठेवावी.

त्यानंतर नेटवर्क नेमके कधी आणि कुठे तुटते याची नोंद सुरू करावी. सर्व्हरवरून तीन ठिकाणी थोड्या थोड्या वेळाने नव्याने पिंग करून उत्तरे वेळेसह फाइलमध्ये साठवावीत : घरचा राउटर, बाहेरचा एखादा अंकी पत्ता (उदा. ८.८.८.८) आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर सर्व्हरचा दोष नाही; राउटर किंवा त्यापुढची लाइन पाहावी. दोन्ही उत्तर देतात, फक्त नावाचा पत्ता सापडत नाही, तर अडचण डीएनएसची आहे. राउटरच गाठता येत नसेल, तर दोष सर्व्हर, केबल, स्विच वा राउटर यांपैकी कशात तरी असतो.

आता पिंग थांबल्याच्या वेळा लॉगशी ताडून पाहाव्यात. त्याच क्षणी ‘लिंक डाउन’ अशी नोंद असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. म्हणून एखाद्या जोडीचा संपर्क सैल झाला की वेग अनेकदा १००० वरून १०० वर येतो. ‘इथटूल’ ही आज्ञा हा वेग दाखवते. सीआरसी त्रुटींचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल, तर संशय आणखी पक्का होतो. कपाटामागे दुमडलेली केबल आणि क्लिप तुटलेला प्लग आधी बदलावा, मग स्विचचे पोर्ट.

केबल निर्दोष ठरल्यावर नेटवर्क कार्ड आणि वीजपुरवठा तपासावा. इथरनेटच्या २०१० च्या ८०२.३एझेड मानकातली वीजबचत काही कार्डे आणि स्विच यांच्यात नीट जुळत नाही. ती बंद करून पाहावी. इंटेलच्या काही कार्डांबाबत लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ असा संदेश येतो. तेव्हा टीएसओ ही डेटाचे तुकडे पाडण्याचे काम कार्डाकडे सोपवणारी सोय बंद केल्याने अनेकदा गुण येतो. रास्पबेरी पायचा पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टखाली गेला, तर लॉगमध्ये तसा इशारा उमटतो. त्यावर उपाय चांगल्या ॲडॉप्टरचाच. सर्व्हर वायफायवर असेल, तर वायफायची वीजबचत बंद करावी आणि यूएसबी ३ ची डिस्क अँटेनापासून लांब ठेवावी. या डिस्क व त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे.

लिंक टिकून आहे आणि तरी संपर्क तुटतो, तेव्हा आयपी पत्ता तपासावा. डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याची मुदत असते आणि निम्मी मुदत सरली की नूतनीकरण सुरू होते. ठरावीक अंतराने पडणारा खंड या वेळांशी जुळवून पाहावा. दोन उपकरणांना एकच पत्ता मिळाला असेल, तर संपर्क कधी एकाशी, कधी दुसऱ्याशी होतो. घरातल्या अन्य उपकरणाच्या एआरपी तक्त्यात (कोणता पत्ता कोणत्या कार्डाचा याच्या यादीत) त्या पत्त्यासमोरचा मॅक क्रमांक, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, बदलत राहतो. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवला की हा घोळ मिटतो.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि आधीच्या दोन खंडांमधल्या सर्वांत मोठ्या अंतराहून अधिक काळ वाट पाहावी. शेवटी तो बदल उलटवावा. दोष परत आला, तरच खरे कारण सापडले असे समजावे.