तेलाची इयत्ता

आमच्या एकत्र कुटुंबांत एक जुनी पिकअप गाडी आहे. आंब्याच्या पेट्या, भाताचीं पोतीं, प्रसंगीं लग्नघरचें सामान, सर्व तिनेंच वाहिलें. दोन वर्षांपूर्वीं तिच्या गिअरबॉक्समधील तेल बदलावयाचें होतें. पुस्तिकेंत ‘जी. एल. ४’ या वर्गाचें तेल सांगितलें होतें. पुतण्यानें आणलेल्या डब्यावर ‘जी. एल. ५’ होतें. “काका, चालेल का हें?” त्यानें विचारलें. “घाल खुशाल,” मीं निर्णय दिला, “पांचवी इयत्ता चौथीच्या वरचीच!” शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्या मनुष्याचा हा तर्क सपशेल खोटा ठरला.

कांहीं महिन्यांनीं दुसरा गिअर पडतांना कर्कश आवाज येऊं लागला. घरांतील प्रत्येकानें ड्रायव्हरच्या हाताला दोष दिला. तो मुकाट्यानें ऐकून घेई. अखेर ऐन आंब्याच्या हंगामांत गाडी दुरुस्तीस टाकावी लागली. मिस्त्रीनें काढलेलें तेल तळहातावर घेऊन दाखविलें. त्यांत पितळेचे सूक्ष्म कण चमकत होते.

चार आणि पांच हे आंकडे योग्यतेचे नसून कामाचे आहेत. मागील आंसावरील दंतचक्रांचे दांत प्रचंड दाबाखालीं एकमेकांवर घसरतात. त्यांच्या रक्षणासाठीं पांचव्या वर्गाच्या तेलांत गंधक व स्फुरद यांचीं संयुगें अधिक प्रमाणांत असतात. परंतु हातानें बदलावयाच्या जुन्या गिअरबॉक्समध्यें चक्रांची गति जुळविणारीं पितळी कडीं असतात. असें गंधक उष्णतेंत तांब्यापितळेस खातें. शिवाय तेल फाजील निसरडें असल्यास कड्यांची पकड सुटते. कांहीं जी. एल. ५ तेलें पितळेस निर्धोक केलेलीं असतात. पण डब्यावर तसें स्पष्ट लिहिलेलें असल्याखेरीज विश्वास ठेवूं नये. उलटपक्षीं, पांचव्या वर्गाचें तेल मागणाऱ्या मागील आंसांत चौथ्या वर्गाचें घालणें हीहि चूकच.

‘८० डब्ल्यू ९०’ हा आंकडा निराळा. तो थंडींतील व उष्णतेंतील दाटपणा सांगतो. गिअरच्या तेलाचें व इंजिनच्या तेलाचें मापहि एक नव्हे; गिअरचें ९० हें इंजिनच्या ४० ते ५० इतकेंच दाट असतें. कांहीं साध्या गिअरबॉक्सना तर स्वयंचलित गिअरबॉक्सचें पातळ, तांबडें तेलच लागतें. म्हणून अनुमान नको. श्रुति आणि स्मृति यांत विरोध आल्यास श्रुति प्रमाण; येथें कारखान्याची पुस्तिका हीच श्रुति. ती हरवली असल्यास गाडीचा नमुना व साल सांगून माहिती मिळवावी.

तेल बदलतांना गाडी सपाट जागीं उभी करून भरण्याचें बूच आधीं सैल करून पाहावें, मग खालचें काढावें. वरचें अडकून बसलें तर रिकामी गाडी जागच्या जागीं राहते. नवें तेल सामान्यतः भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत घालावें.

नवीं कडीं बसवून आणि पुस्तिकेंतील तेल घालून गाडी घरीं आली, तेव्हां मीं सर्वांदेखत ड्रायव्हरची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, आवाज तर गेला ना!”